काटक्यांची शेगडी: जळणापासून राखेपर्यंत

कसाऱ्याची किंवा कर्जतची पहिली लोकल धरून डोंगराकडे निघणाऱ्यांना रात्रीच्या जेवणाचा विचार आदल्या दिवशीच करावा लागतो. गॅसची टाकी, रॉकेल, पेट्रोल लोकलमधून न्यायला बंदी आहे. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १६४ खाली असं धोकादायक सामान नेल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. तीन दगडांची चूल हा जुना उपाय आहे. पण उघड्या चुलीची बरीचशी धग वाऱ्यावर जाते, दगड काळे पडतात आणि जमिनीवरचा भाजल्याचा डाग पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहतो. या दोन्हींच्या मधली वाट म्हणजे काटक्यांची छोटी शेगडी. ती रिकामी असताना नुसता पत्र्याचा डबा असते आणि शंभर ग्रॅम वाळक्या काटक्यांवर लिटरभर पाणी उकळून देते.

एक गोष्ट आधीच सांगितली पाहिजे. शेगडी विकतची महागडी असो की रसगुल्ल्याच्या डब्याची, ती नीट चालते की नुसती धुमसते हे जळण ठरवतं. ओल्या, जाडजूड काटक्यांवर चांगल्यातली चांगली शेगडीही डोळ्यांतून पाणी काढते. म्हणून इथे जळणाबद्दल सगळ्यात जास्त लिहिलं आहे. बाकीचं हाताला दोन वेळांत बसतं.

आत काय चालतं

लाकूड तापलं की आधी त्यातलं पाणी वाफ होऊन जातं. मग लाकडातून वायू सुटायला लागतात. वाळक्या लाकडाच्या वजनाचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग असा वायू होऊन निघतो, आणि ज्योत दिसते ती या वायूंची. उरतो तो कोळसा, म्हणजे निखारा. धूर म्हणजे न जळता निसटलेले हेच वायू. धुरात जळणच वाया जात असतं.

दुपदरी शेगडीत दोन डबे एकात एक बसवलेले असतात. बाहेरच्या डब्याला खालच्या बाजूनं भोकं असतात. तिथून आत आलेली थोडी हवा आतल्या डब्याच्या तळाच्या जाळीतून जळणाला मिळते, आणि उरलेली दोन पत्र्यांच्या मधून वर चढते. चढताना ती तापते आणि आतल्या डब्याच्या काठाखालच्या भोकांतून आत शिरते. जळणातून वर आलेल्या धुराला नेमकी तिथे गरम हवा भेटते आणि धूर पेटतो. शेगडी जमली की काठाच्या आत भोकाभोकातून छोट्या ज्योती निघताना दिसतात, अगदी गॅसच्या बर्नरसारख्या. हे कडं दिसलं की टोप ठेवायचा. ते दिसत नसेल तर टोप ठेवायची घाई करू नये.

विकत घेताना, करताना

विकत घेताना आधी आतल्या काठाखालची भोकं बघा. ती नसतील तर ती एकपदरी शेगडी आहे. एकपदरी घडीच्या शेगड्या पाकिटाएवढ्या सपाट होतात आणि एकट्याच्या चहाला पुरतात, पण धूर जास्त करतात. दोघा-तिघांच्या जेवणाला स्टेनलेस स्टीलची दुपदरी, ११ सेंमीच्या आसपास व्यासाची शेगडी योग्य. बॅटरीवरच्या पंख्याच्या शेगड्याही मिळतात आणि त्या जोरात चालतात, पण चार्जिंग संपलं किंवा पंख्यात राख गेली की अडून बसतात. मुक्कामाला नेण्यासाठी बिनपंख्याचीच बरी.

घरी करायची तर दोन डबे लागतात. आतला डबा किलोभराच्या रसगुल्ल्यांचा, साधारण १० सेंमी व्यासाचा आणि १२ सेंमी उंच. बाहेरचा १२ ते १३ सेंमी व्यासाचा आणि १५ ते १६ सेंमी उंच. दुधाच्या पावडरीचे मोठे डबे या मापाचे असतात. टिकाऊ हवी असेल तर मुंबईत पायधुणीच्या तांबा काटा बाजारात भांड्यांच्या दुकानांत सरळ बाजूंचे स्टीलचे डबे मापाने मिळतात. मात्र स्टीलला भोकं पाडायला चांगलं बिट, कमी वेग आणि तेलाचे थेंब लागतात. वेगात ड्रिल मारलं की स्टील आणखी कडक होतं आणि बिट जळतं. ड्रिल, बिटं, कानस, पत्रा कापायची कात्री हे सगळं नागदेवी स्ट्रीटला एका फेरीत होतं. जस्त चढवलेला पत्रा किंवा बोल्ट घेऊ नका. तापल्यावर जस्ताची वाफ निघते, ती छातीत गेली तर थंडी वाजून ताप येतो. रंगाचे जुने डबेही नकोत.

बाहेरचा डबा उलटा वापरायचा आहे, म्हणजे त्याचा बंद तळ वर येईल आणि उघडं तोंड जमिनीकडे. या तळावर आतला डबा ठेवून पेन्सिलीनं गोल काढा. रेषेच्या ३ मिलिमीटर आतून गोल कापा, मग दर सेंटिमीटरला रेषेपर्यंत छोट्या चिरा देऊन पाकळ्या करा. आतला डबा दाबून बसवताना या पाकळ्या खाली वाकतात आणि डब्याला घट्ट धरतात. रसगुल्ल्याच्या डब्याचा वरचा काठ जाड असतो, तो वर अडकतो आणि डबा खाली पडत नाही. इथे फट राहता कामा नये. फट राहिली तर गरम हवा भोकांत न जाता तिथूनच निसटते आणि कडं पेटत नाही. घरी केलेल्या शेगड्या बहुतेक इथेच फसतात.

भोकांचं माप असं. आतल्या डब्याच्या तळाला ५ मिलिमीटरची ३० भोकं, सारखी पसरलेली. त्याच डब्याच्या काठाखाली दीड सेंटिमीटरवर, सगळीकडून, ६ मिलिमीटरची २० भोकं. बाहेरच्या डब्याला जमिनीजवळ, कडेपासून दोन सेंटिमीटर वर, १२ मिलिमीटरची १२ भोकं. बाहेरच्या भोकांचं एकूण तोंड आतल्या दोन्ही ओळींच्या बेरजेपेक्षा थोडं मोठं असायला हवं, आणि या मापात ते बसतं. माप बदललं तरी हा हिशेब सोडू नका. आतल्या डब्याचा तळ आणि जमीन यांत किमान तीन सेंटिमीटर अंतर राहिलं पाहिजे, नाहीतर राख साचून हवा कोंडते. भोकं पाडताना डब्यात लाकडी ठोकळा सरकवा, म्हणजे पत्रा चेपत नाही. आधी खिळ्यानं खूण ठोका, मग बारीक बिट, मग मोठं. शेवटी सगळ्या कडा कानशीनं घासा. कापलेला पत्रा ब्लेडसारखा चालतो. हातमोजे घातल्याशिवाय हे काम करू नये.

टोप टेकायला बाहेरच्या डब्याच्या वरच्या पट्टीत सारख्या अंतरावर ६ मिलिमीटर जाडीचे तीन साधे लोखंडी बोल्ट उभे बसवा. पत्र्याच्या वर एक आणि खाली एक असे नट लावून आवळा, आणि बोल्टचं डोकं वर ठेवा. शेगडीचा काठ आणि टोपाचा तळ यांत तीन ते साडेतीन सेंटिमीटर अंतर हवं. त्याहून कमी ठेवलं तर ज्योत टोपाला आपटून विझते आणि काजळी धरते. जास्त ठेवलं तर धग बाजूनं निघून जाते. शिवाय याच फटीतून काटक्या टाकायच्या आहेत.

पहिल्यांदा शेगडी रिकामीच, म्हणजे टोप न ठेवता, उघड्यावर अर्धा तास पेटवा. डब्याच्या आतलं लाखेचं अस्तर आणि बाहेरची छपाई जळून जाऊ द्या, आणि त्या वेळी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहा. त्याआधी तिच्यावर काही शिजवू नये.

सात-आठ जणांचा गट असेल आणि गाडीनं फार्महाउसवर जायचं असेल तर ही शेगडी पुरणार नाही. तिथे पंधरा किलोच्या तेलाच्या डब्यात काटकोनी नळी बसवून केलेली रॉकेट शेगडी करावी. नळी १० सेंमी रुंद, उभा भाग २५ ते ३० सेंमी, आणि नळीभोवती चाळलेली कोरडी राख भरायची. राखेऐवजी माती किंवा वाळू भरली तर सगळी धग तीच पिते.

जळण

काटकी किती जाड असावी? करंगळीएवढी उत्तम, अंगठ्याएवढी शेवटची मर्यादा. लांबी आडवी टाकायची तर चार-पाच सेंटिमीटर, उभी लावायची तर आठ. जाड तुकडा पेटतो, पण हळू वायू सोडतो. काठावरच्या ज्योतींना सतत खाद्य मिळत नाही आणि मधूनच धूर येतो. फार बारीक, भुसा किंवा नुसती सालपटं भरली तर उलट होतं, सगळा वायू एकदम सुटतो, ज्योत हातभर वर जाते आणि पाच मिनिटांत खेळ संपतो.

ओलाव्याचा तोटा म्हणजे फक्त पाणी उडवण्यात जाणारी उष्णता, असा एक गैरसमज आहे. थोडी उष्णता तशी जाते हे खरं, पण तो तोटा लहान. मोठा तोटा हा की वाफेमुळे ज्योत थंड पडते, आणि थंड ज्योतीला धूर पेटवता येत नाही. त्यामुळे जरा दमट काटकीही शेगडीचं सगळं गणित मोडते. मुंबईची हवा पावसाळ्यात इतकी दमट असते की उघड्यावर ठेवलेलं सरपण कधीच कडकडीत होत नाही. काटक्या मापाने तोडून उन्हाळ्यातच वाळवाव्यात आणि घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा गाठ मारलेल्या जाड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवाव्यात. वाळल्या का हे बघायला स्वयंपाकघरातला वजनकाटा वापरा. मूठभर काटक्या तोला, आठवडाभर गच्चीत ऊन द्या, परत तोला. वजन घटायचं थांबलं की काम झालं. काटा नसेल तर मोडून बघा: वाळकी काटकी कटकन तुटते, ओली वाकते आणि साल धरून लोंबते. दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर वाळक्यांचा आवाज खणखणीत येतो, ओल्यांचा थपथप.

जळण घरूनच न्यावं, हे आमचं ठाम मत. अभयारण्यात आणि राखीव वनात लाकूड तोडणं गुन्हा आहे. पडलेल्या वाटणाऱ्या फांद्याही पायथ्याच्या गावातल्या बायका डोक्यावर मोळी घेऊन नेतात, तेच त्यांचं सरपण असतं. कमी पडलं तर गावात ज्या घरी उतरला असाल तिथे विचारून, पैसे देऊन घ्या. आणखी एक कारण आहे. घरी तोडून नेलं की कोयता बरोबर न्यावा लागत नाही, आणि गर्दीच्या लोकलमध्ये कोयत्याचं काही काम नाही.

मुंबईत मिळणारं सर्वांत चांगलं जळण घरोघरी कचऱ्यात जातं: नारळाची करवंटी. श्रावणापासून गणपती-गौरीपर्यंत नारळ फुटतच असतात, त्या करवंट्या जमवाव्यात. खोबऱ्याचा अंश खरवडून काढा, वरची शेंडी आणि काथ्या सोलून टाका, ऑक्टोबरच्या उन्हात आठ-दहा दिवस वाळवा आणि हातोडीनं तीन-चार सेंटिमीटरचे तुकडे करा. करवंटी लाकडापेक्षा घट्ट असते. तिचा जाळ तेज आणि निखारा बराच वेळ टिकतो. पण शेगडीत नुसती करवंटी भरू नका. ती पेटायला वेळ घेते, आणि एकदा पेटली की इतकी तापते की पातळ पत्र्याची जाळी लालबुंद होऊन थोड्याच वापरांत झडायला लागते. एक भाग करवंटी, दोन भाग काटक्या हे प्रमाण बरोबर बसतं. करवंटी खाली आणि काटक्या वर.

लाकडांत बाभूळ आणि सुरू पहिल्या पसंतीचे, दोन्ही घट्ट आणि दमदार. आंब्याचं लाकूड सहज पेटतं, पण लवकर संपतं. सुताराकडचे सागाचे आणि देवदाराचे उरलेले तुकडे छान, फक्त ते निव्वळ लाकूड असल्याची खात्री करा. प्लायवूड, एमडीएफ, सनमायका लावलेली फळी यांतला गोंद जळला की नाकाडोळ्यांना झोंबणारा विषारी धूर होतो. त्यावर जेवण शिजवू नका. मुंबईच्या दारूखाना भागात जुन्या जहाजांचं लाकूड स्वस्त मिळतं, पण त्यात रंग, तेल आणि डांबर मुरलेलं असतं. माल ठेवायच्या लाकडी पॅलेटवर शिक्का असतो, त्यात एचटी असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे. एमबी असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली आहे, ते घेऊ नका. शिक्काच नसेल तरीही नको. बांबू चांगला जळतो, पण उभा चिरून घ्या. पेरातली हवा तापून अख्खा तुकडा फटाक्यासारखा फुटतो.

काही झाडं कायमची वर्ज्य. कण्हेर विषारी आहे. ती जाळायला नको आणि तिच्या काडीवर काही खोवून भाजायलाही नको. बिब्ब्याच्या चिकानं अंगावर फोड येतात. रुई, शेर, निवडुंग यांचा चीक डोळ्यांना घातक. कोकणातून येताना कोणी काजूची टरफलं जळण म्हणून आणतात, कारण ती भरभर पेटतात. पण त्यांतलं तेल कातडी भाजतं आणि धूर घशाला झोंबतो. या छोट्या शेगडीत ती टाकू नयेत.

किती न्यायचं? दोघांच्या एका मुक्कामाचा हिशेब: संध्याकाळचा चहा १०० ग्रॅम, खिचडी ३०० ग्रॅम, सकाळचा चहा १००, पोहे १५०. वारा आणि चुकांसाठी शंभर-दीडशे धरा. म्हणजे ८०० ग्रॅम, दोन नारळांच्या करवंट्यांसकट.

जागा

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, तुंगारेश्वर, कर्नाळा, भीमाशंकर, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अशा अभयारण्यांत शेगडी बाहेर काढूच नका. संरक्षित किल्ल्यांच्या तटात, देवळांत आणि लेण्यांतही नाही; काजळी दगडात मुरते आणि निघत नाही. शेगडी पेटवायची ती पायथ्याच्या गावात ओळखीच्या अंगणात, मालकाला विचारून शेतात, किंवा पैसे भरून घेतलेल्या तळावर. इमारतीच्या गॅलरीत नको. गच्चीवरही धूर वरच्या मजल्यांच्या खिडक्यांतच जातो.

दिवाळीनंतर सह्याद्रीतलं गवत वाळायला लागतं आणि फेब्रुवारी ते मे या काळात एका ठिणगीवर अख्खा डोंगर पेटतो. या दिवसांत शेगडीच्या चारी बाजूंना किमान तीन मीटर गवत-पाचोळा नसावा. एरवी एक मीटर पुरे. वारा जोरात असेल आणि आसपास सुकं गवत असेल तर कोरडा खाऊ खाऊन झोपावं. शेगडीखाली फरशीचा तुकडा किंवा स्टीलची ताटली ठेवा, कारण उलट्या डब्याला तळ नाही आणि निखारे जाळीतून खाली पडतात. ओढ्यातला ओला दगड खाली किंवा जवळ नको, आतलं पाणी वाफ होऊन तो फुटू शकतो. पाण्याची भरलेली बाटली पेटवण्याआधीच हाताशी ठेवा. वणवा लागलेला दिसला तर वनविभागाचा १९२६ हा क्रमांक आहे.

तंबूत, तंबूच्या ओसरीत किंवा बंद खोलीत ही शेगडी कधीही, अगदी पाऊस कोसळत असला तरी, पेटवायची नाही. धूर नसलेले निखारे तर जास्त फसवे. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपेत माणूस जातो. ऊब म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत ओढून घेणं म्हणजे जिवाशी खेळ.

पेटवणं

चूल खालून पेटवायची आपल्याला सवय. ही शेगडी वरून पेटवायची असते. तळाला करवंटीचे तुकडे, त्यावर जाडसर काटक्या, वर बारीक, असं भरत या. पण काठाखालच्या भोकांच्या एक सेंटिमीटर खाली थांबा. भोकं जळणानं झाकली तर गरम हवा आत येत नाही आणि शेगडी साधी धुराची चूल होते. नव्या हाताची सर्वांत मोठी चूक हीच. १० सेंमीच्या डब्यात या उंचीपर्यंत दीडशे ग्रॅमच्या आसपास जळण बसतं.

वर चाकूनं काढलेली सालपटं किंवा मक्याच्या वाळलेल्या बुरकुंडाचे (दाणे काढलेल्या कणसाचे) बारीक तुकडे पसरा, मध्ये कापराच्या दोन-तीन वड्या ठेवा आणि काडी लावा. कापूर पावसाळी हवेतही पेटतो. मात्र तो घट्ट झाकणाच्या डबीतच न्या, उघडा राहिला तर उडून जातो. रॉकेल, पेट्रोल, सॅनिटायझर ओतून पेटवू नका. जाळ वरून हळूहळू खाली उतरतो, आणि खालून निघणारा वायू वरच्या ज्योतीतून जाताना जळतो. दोन ते चार मिनिटांत कडं पेटतं. तोवर फुंकू नका. खालून फुंकणी मारली की जाळ मध्येच भडकतो आणि वरून पेटवण्याचा फायदा जातो.

कडं येत नसेल तर कारण शोधा. पांढरा दाट धूर म्हणजे काटक्या ओल्या आहेत. जाळ मध्ये आहे पण भोकांतून ज्योत नाही, तर दोन डब्यांच्या सांध्यात फट आहे किंवा शेगडी अजून तापलेली नाही. ज्योत टोपाच्या बाजूनं वर चढते आणि टोप काळा होतो, तेव्हा जळण जास्त झालं आहे. चांगली चाललेली शेगडी तिसऱ्या-चौथ्या भरणीनंतर मरगळली, तर तळाची जाळी राखेनं बुजली आहे. चिमट्यानं किंवा काडीनं हलकेच हलवली की ती परत श्वास घेते.

वारा मध्यम असेल तर आडोसा एकाच बाजूनं, फार तर पाऊण गोल, बोटभर अंतर ठेवून लावा. पूर्ण वेढलं तर खालच्या भोकांची हवा तुटते. वारा सरळ भोकांत घुसत असेल तर दहा मिनिटांचं जळण पाच मिनिटांत संपतं.

शिजवणं

सपाट बुडाचा, लिटर-दीड लिटरचा, घट्ट झाकणाचा हिंदालियमचा टोप या शेगडीला शोभतो. व्यास १६ ते १८ सेंमी. त्याहून मोठा टोप बोल्टवर डगमगतो. बाहेरून तळाला आणि बाजूंना ओल्या राखेचा पातळ लेप द्या किंवा भांडी घासायची साबणवडी घासा. काजळी नंतर हातानं निघते. टोपाच्या कानांना प्लास्टिक नको. सांडशी बरोबर हवीच.

भरलेल्या डब्याचा जाळ पंधरा ते वीस मिनिटं चालतो. पहिली दहा-बारा मिनिटं लिटरभर पाणी उकळायला लागतात. नंतर वायू संपतात, ज्योती बसतात आणि निखारे राहतात. निखाऱ्यांची मंद आच आणखी दहा मिनिटं मिळते. स्वयंपाक या क्रमावर बसवायचा: आधी उकळ, मग मंद आच. जाळ जास्त वेळ हवा असेल तर ज्योत जिवंत असतानाच बाजूनं तीन-चार काटक्या टाका, मग दर दोन-तीन मिनिटांनी तेवढ्याच. ज्योत पूर्ण बसल्यावर मूठभर काटक्या निखाऱ्यांवर टाकल्या की आधी धूर होतो आणि मगच पेट घेते. तेव्हा मात्र खालून फुंकणी मारायला हरकत नाही.

दोघांच्या खिचडीला घरूनच एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, मीठ, हळद, जिरं, हिंग एका पिशवीत घालून न्या. डाळ-तांदूळ धुऊन अर्धा तास भिजवा. जळण बरंच वाचतं. साडेचार वाट्या पाणी उकळलं की भिजवलेलं घाला. टोप दोन-तृतीयांशच्या वर भरू नका, उतू गेलं तर अर्धे निखारे विझतात. दहा मिनिटं जाळावर, मग झाकण ठेवून निखाऱ्यांवर दहा मिनिटं, आणि शेवटी टोप उतरवून टॉवेलात गुंडाळून पंधरा मिनिटं. त्या पंधरा मिनिटांत जळण न लावता डाळ गळते. मधल्या वेळात शेगडी चहाला मोकळी होते.

पिठल्याला उलट लक्ष लागतं. एक वाटी बेसन आधी थंड पाण्यात गाठी मोडून कालवा, एकूण पाणी तीन वाट्या, आणि फोडणी ज्योत मोठी असतानाच करून घ्या. पीठ घातल्यावर आच कमी करायचा एकच मार्ग आहे, नवी काटकी टाकायची नाही. भाकरी मात्र घरून न्यावी. मोठा तवा शेगडीचं तोंड झाकतो, मध्यभाग करपतो आणि कडा कच्च्या राहतात. नेलेल्या भाकरीला निखाऱ्यांवर जाळी ठेवून दोन्ही बाजूंनी शेक दिला की ती परत खमंग होते. त्याच जाळीवर सुके बोंबील भाजा, एकेका बाजूला मिनिटभर. आधी त्यांचं डोकं-शेपूट काढा, आणि करपू लागताच उचला, कारण ते कागदासारखे पेट घेतात. सोबत कच्चा कांदा हवा.

विझवणं

शेवटची भरणी जेवणाच्या मापानं घाला, म्हणजे मागे निखारे फार उरत नाहीत. उरलेले आपोआप राख होऊ देणं सर्वांत बरं, अर्धा तास लागतो. तेवढा वेळ नसेल तर निखारे सांडशीनं शेगडी धरून पाण्याच्या टोपात ओता. एका भरणीला अर्धा लिटर पाणी पुरतं. तापलेल्या शेगडीत वरून पाणी ओतू नका. पत्रा वाकडा होतो, सांधा सैल पडतो आणि वाफेनं हात भाजतो. राख ढवळा, पुन्हा पाणी घाला, आणि हाताची मागची बाजू जवळ नेऊन बघा. धग लागली तर काम झालेलं नाही. वरून पांढरी, गार दिसणारी राख आत कित्येक तास तापलेली असते. म्हणून ती पाचोळ्यावर, गवतात किंवा झाडाच्या बुंध्याशी टाकू नका. गार झालेली राख झाकणाच्या डब्यात घालून घरी आणा, भांडी घासायला नाहीतर कुंड्यांत चिमूटभर टाकायला उपयोगी पडते. परतीच्या लोकलमध्ये शेगडी पूर्ण गार, रिकामी आणि कापडी पिशवीत असली पाहिजे.

घरी आल्यावर पत्र्याची शेगडी त्याच दिवशी झटकून, कोरड्या फडक्यानं पुसून, खोबरेल तेलाचा पातळ हात देऊन वर्तमानपत्रात गुंडाळा. मुंबईच्या हवेत न पुसलेल्या डब्याला आठवड्यात गंज चढतो. दर खेपेनंतर आतल्या डब्याची जाळी उजेडात धरून बघा. दोन भोकांमधला पत्रा झिजून भोकं जुळायला लागली की आतला डबा बदला. बाहेरचा आणि बोल्ट तेच चालतात.